गाण्याच्या वर्गात कोळी: मुलं रमली, पालक बिचकले

शुद्ध_गंधार
मी नाशकात घरीच लहान मुलांचा गाण्याचा वर्ग घेते. पाच ते आठ वर्षांची अकरा मुलं, दर शनिवारी संध्याकाळी तासभर. गेल्या महिन्यात काळी चारला सा धरून पलटे घोकून घेत होते आणि ट्यूबलाइटवरून एक कोळी धाग्याला लटकत थेट पेटीवर उतरायला लागला. निम्मी मुलं किंचाळली, निम्मी पुढे सरसावली. वर्ग हातचा गेलाच होता, म्हणून विचारलं, "आत्ता कुठल्या स्वरावर आहे सांगा बरं?" एकजण म्हणाला, पंचमावर. दुसरा म्हणाला, छे, गंधारावर. मग कोळी जिथे असेल तो स्वर गायचा असं ठरलं. जे अवरोह दोन महिने रडतखडत चालले होते ते त्या दहा मिनिटांत सुरात आले.

पुढच्या आठवड्यात मी चार ओळी जुळवल्या:

एक धागा खिडकीशी, एक धागा दाराशी,
मधोमध बसली कोळीणमावशी.
डास म्हणाला, येऊ का?
मावशी म्हणाली, जेवू का?

शेवटची ओळ सगळे इतक्या जोरात म्हणतात की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.

आता अडचण. एका पालकांचा निरोप आला: "सरस्वतीच्या वर्गात किडे-कोळी कशाला? बालगीतं संपली का?" आणि सहा वर्षांची एक मुलगी त्या शनिवारपासून आलेलीच नाही, तिला कोळ्याची भयंकर भीती वाटते म्हणे. बंद करावं की चालू ठेवावं? आणि कोळ्याच्या गोष्टी, गाणी, खेळ आणखी काही माहीत असतील तर सांगा.

पक्का_मुंबईकर
शीर्षक वाचून वाटलं कोळीगीतांचा धागा आहे. ताशा घेऊन आलो होतो. परत चाललो.

कोमल_धैवत
कोळ्यावर धागा काढलाय, तो लांबणारच. :)

ठेका_नागपुरी
ताई, बंद नका करू. मी पोरांना तबला शिकवतो, तर तालाची गंमत सांगतो. माझ्याकडे मात्रा मोजायच्या नाहीत, पाय मोजायचे. मुंगीला सहा पाय, तो दादरा: धा धी ना, धा ती ना. कोळ्याला आठ, तो केरवा: धा गे ना ती, न क धी न. खेकड्याला दहा, तो झपताल. दोन कोळी शेजारी शेजारी चालले की सोळा, झाला तीनताल. पोरं जमिनीवर हात टेकून चालतात आणि बोल म्हणतात. एका पोराने विचारलं, "सर, सात पायांचं कोण?" मी म्हटलं, एक पाय तुटलेला कोळी. तर सात मात्रांच्या रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खाली असते नं, टाळीविना, तिथे पोरं आपोआप लंगडतात! ती ती ना, धी ना, धी ना. समेवर टाळी का नाही हे आजवर मला कोणाला नीट समजावता आलं नव्हतं. आता विचारलं की उत्तर येतं, "तिथला पाय गेला नं सर."

आठपायी
ठेकादादा, तुम्हाला माहीत नसेल पण तुम्ही फार अचूक बोललात. मी कोळ्यांचा अभ्यास करतो, सह्याद्रीत हिंडतो. मुंगी नुसती सहा पायांची नाही, ती चालते तीन-तीनच्या गटात: एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय, आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तिन्ही एकदम उचलले जातात, मग उरलेले तीन. दादऱ्याचे विभाग तीन-तीनच. कोळी चार-चारने चालतो: डावा पहिला-तिसरा आणि उजवा दुसरा-चौथा एका वेळी, मग उरलेले चार. केरव्याचे विभाग चार-चार. त्यामुळे मुलांना रांगवताना हे गट दाखवा, नुसते आठ मोजू नका.

कोळ्याचे पाय तुटतात हेही खरं. संकटात तो स्वतःच पाय सोडून पळतो. सात पायांचे कोळी जंगलात सर्रास दिसतात.

खेकड्याला मात्र हरकत. दहातले पुढचे दोन म्हणजे नांग्या, तो चालतो उरलेल्या आठांवर. म्हणजे चालीने तोही केरव्यातलाच.

ठेका_नागपुरी
मग नांग्यांनी टाळी देऊ, भाऊ. झपताल सोडणार नाही.

मालवणी_मसालो
ह्या धाग्यार कुर्ल्येचे डेंगे निघाले. आता माका जेवल्याशिवाय पुढचा वाचूक जमाचा नाय.

साधक_६२
मला हे काही पटलेलं नाही. आमच्या गुरुजींनी पहिले सहा महिने फक्त षड्ज लावून घेतला. कंटाळा आला तरी बसायचं, त्यालाच बैठक म्हणतात. आज कोळी, उद्या झुरळ, परवा डायनोसॉर. मुलांना प्रत्येक गोष्टीत गंमत दिली की गंमत नसेल तिथे ती बसतच नाहीत. शिक्षकांनी करमणूकदार व्हायचं ठरवलं असेल तर बोलणंच खुंटलं.

आईगं
काका, तुमच्या गुरुजींकडे त्या सहा महिन्यांत किती जण आले आणि किती उरले?

साधक_६२
आम्ही चौघे होतो. उरलो मी एकटा. (प्रश्न कळला.)

दोन_तारांवर
साधककाकांचा मुद्दा मी पूर्ण फेकून देणार नाही. मी मुंबईत पियानो शिकवते. प्राण्यांची गाणी घेतली की मुलं प्राणी करतात आणि गाणं सोडून देतात, हे माझ्याकडे शंभरदा झालंय. फरक पडतो तो त्या प्राण्याकडून संगीतातली नेमकी कोणती गोष्ट काढून घ्यायची आहे हे आपल्याला माहीत असण्यात. गंधारताईंनी अवरोह काढला, ठेकादादांनी रूपक काढला. नुसतं "कोळ्यासारखे हात करा" म्हटलं तर ती कवायत होते.

माझी गंमत सांगते. पावसाच्या पन्हळीतून वर चढणाऱ्या कोळ्याचं ते इंग्रजी बडबडगीत सगळ्यांना पाठ आहे. ते सहा-आठच्या तालात आहे, आपल्या कानाला दादराच. इटलीचा टारँटेला नाच, ज्याचा कोळ्याशी संबंध लावतात, तोही बहुतेक सहा-आठमध्येच. म्हणजे आठ पायांच्या प्राण्याची दोन्ही प्रसिद्ध गाणी सहात!

पक्का_मुंबईकर
दोन पाय धागा धरायला लागतात ना.

ठेका_नागपुरी
हाऊ! हे उत्तर मी वर्गात ढापणार.

कोमल_धैवत
टारँटेलाचं जरा सांगा ना. कोळी चावला की नाचायचं, असंच काहीतरी आहे ना ते?

दोन_तारांवर
हो. दक्षिण इटलीत, बुटाच्या टाचेचा जो भाग आहे तो पूलिया. तिथल्या तारांतो शहरावरून टारँटुला हे नाव आलं. शेतात काम करणाऱ्या बायकांना कोळी चावला की त्या आजारी पडत, आणि उपाय म्हणजे व्हायोलिन-खंजिरीवाले बोलवायचे आणि तिला थकून पडेपर्यंत नाचवायचं. कधी कधी दिवसचे दिवस. वादक एकामागून एक चाली वाजवून बघत, कुठल्या चालीवर ती उठते ते पाहायला. सतराव्या शतकात आथानासिउस किर्खर नावाच्या पाद्र्याने अशा चाली स्वरलिपीत छापल्या. 1959 मध्ये एर्नेस्तो दे मार्तीनो हे अभ्यासक तिथे मंडळी घेऊन गेले, तेव्हाही हा प्रकार चालू होता. त्यांचं म्हणणं असं की मामला विषाचा कमी आणि मनात साचलेल्या दुःखाचा जास्त. लग्न, गरिबी, न बोलता आलेलं काहीतरी, ते त्या नाचातून बाहेर पडायचं.

मुलांना मी एवढं सांगत नाही. "कोळी चावला, आता थांबायचं नाही" एवढंच सांगते आणि लय वाढवत नेते. द्रुत लयीत ताल न सोडण्याचा सराव होतो.

आठपायी
त्या भागातला ज्याला टारँटुला म्हणत तो लांडगा कोळी दिसायला दांडगा, पण त्याच्या चाव्याने माणसाला विशेष काही होत नाही. खरी वेदना द्यायचा तो दुसराच, काळ्या विधवा कोळ्यांच्या कुळातला. बदनाम एक, चावणारा दुसरा.

आईगं
म्हणजे अगदी आमच्या सोसायटीसारखं.

आक्रावाला
मी घानात नोकरीला होतो, आक्रा शहरात नऊ वर्षं. तिथे कोळी म्हणजे गोष्टींचा मालकच. आकान लोकांचा अनान्से: कोळीही आणि माणूसही, लबाड, खादाड, कायम कुणाला तरी फसवणारा आणि बरेचदा स्वतःच फसणारा. आकाशदेव न्यामेकडे जगातल्या सगळ्या गोष्टी होत्या, त्या अनान्सेने युक्तीने मिळवल्या. म्हणून तिकडे गोष्टीला म्हणतात अनान्सेसेम, कोळ्याच्या गोष्टी. गोष्टीत कोळी नसला तरी तेच नाव. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो कॅरिबियन बेटांवरही पोचला.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. तिथे गोष्ट चालू असताना ऐकणारा मध्येच उठून गाणं सुरू करू शकतो. गोष्ट थांबते, सगळे साथ देतात, टाळ्या, ढोल, मग गोष्ट पुढे. ह्या गाण्याला म्मोगुओ म्हणतात. एफुआ सदरलँड या घानाच्या नाटककार बाईंनी आपल्या नाटकांत ही रीत मुद्दाम वापरली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या सांगलीच्या देवळातले बुवा आठवले. आख्यान ऐन रंगात, आणि बुवा थांबून "विठ्ठल विठ्ठल" चालू करतात, सगळं देऊळ टाळ्या धरतं. फरक इतकाच की आपल्याकडे थांबायचा अधिकार बुवांचा, तिकडे श्रोत्यांचा.

गंधारताई, तुमच्या मुलांना हा अधिकार देऊन बघा. गोष्ट तुम्ही सांगा, आणि कुणालाही कुठेही हात वर करून "जेवू का?" सुरू करू द्या.

शुद्ध_गंधार
अकरा जण आहेत हो. गोष्ट दुसऱ्या वाक्यापुढे जाणार नाही.

आक्रावाला
तिकडेही पहाट व्हायची. :)

साधक_६२
आक्रावाल्यांचा प्रतिसाद आवडला. कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर त्या पालकांना हे दाखवा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, समुद्र आहे आणि ऊर्णनाभी, म्हणजे कोळीही आहे. आपल्यातून धागा काढायचा, त्यात खेळायचं, आणि परत गिळून टाकायचा, तसा ईश्वर हे जग पसरतो आणि आवरतो. मुंडकोपनिषदातही हाच दृष्टांत आहे. नाथमहाराजांनी (संत एकनाथांनी) ह्या अकराव्या स्कंधावरच टीका लिहिली. आणि श्रीकालहस्तीचं नाव तर श्री, काल, हस्ती असं आहे, त्यातला "श्री" म्हणजे कोळी. त्याने शिवलिंगावर जाळं विणून छत केलं अशी कथा आहे. सरस्वतीच्या वर्गात कोळी कशाला, असं विचारणाऱ्यांना म्हणावं, तो दत्तगुरूंचा गुरू आहे, दार उघडा.

(माझं षड्जाबद्दलचं मत कायम आहे.)

आठपायी
काका, सुंदर. एक बारीक टिप्पणी: भागवतातला कोळी धागा तोंडातून काढतो. प्रत्यक्षात तो पोटाच्या मागच्या टोकातून निघतो, म्हणजे "ऊर्णनाभी" (नाभीत धागा असलेला) हे नावच जास्त बरोबर. पण गिळण्याचं मात्र शंभर टक्के खरं. गोल जाळं विणणारे पुष्कळ कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच मालातून नवं विणतात.

आणि गंधारताईंनी "कोळीणमावशी" म्हटलं ते मला फार आवडलं. बागेत जे मोठं गोल जाळं दिसतं त्यात बसलेली बहुधा मादी असते. वयात आलेले नर जाळी विणायचं जवळजवळ सोडूनच देतात आणि मादीच्या शोधात भटकतात. मादीच्या जाळ्याच्या काठाशी आले की थेट आत जात नाहीत, गेले तर जेवण होतील. आधी धागा छेडतात. ठरावीक लयीत. म्हणजे "डास नव्हे, मी आलोय." कोळ्याला आपल्यासारखे कान नाहीत, पण पायांना धाग्याची थरथर बरोबर कळते. वाऱ्याची कुठली, माशीची कुठली, नवरदेवाची कुठली.

कोमल_धैवत
म्हणजे बेसूर लागला की मृत्यू. साधककाकांच्या गुरुजींना हे आवडलं असतं.

साधक_६२
गुरुजी तंबोऱ्याची खुंटी फेकून मारायचे. फार फरक नाही.

शुद्ध_गंधार
आठपायीदादा, हे मी उचलतेय! तंबोऱ्याच्या तारेवर मुलांचं बोट अलगद ठेवायला लावायचं, डोळे मिटून. "आता तुम्ही कोळीण. कुठली तार हलली?" मुलं तंबोरा ऐकतच नाहीत ही माझी जुनी रड आहे. आधी बोटाने ऐकतील, मग कानाने.

वाचनमात्र_पुणे
लहानपणी शाळेत स्कॉटलंडचा ब्रूस राजा आणि कोळ्याची गोष्ट होती ना? हरलेला राजा गुहेत पडलाय, कोळी पडतो, चढतो, पडतो, चढतो. ती वापरा.

आईगं
नको! त्या गोष्टीवर आमच्या बाईंनी निबंध लिहून घेतला होता. "यत्न तो देव जाणावा" असं शेवटी लिहिलं नाही म्हणून एक मार्क कापला. कोळ्यावरचा माझा राग तिथून आहे.

दोन_तारांवर
तात्पर्य काढून टाकलं तर ती गोष्ट संगीताला फारच सोयीची आहे. बघा: सारेसा, पडला. सारेगरेसा, पडला. सारेगमगरेसा, पडला. असं करत रे, ग, म, प, ध, नि हे सहा प्रयत्न फसतात आणि सातव्यांदा तार षड्ज गाठतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सांगितलेल्या गोष्टीतही कोळी सहादा चुकतो आणि सातव्यांदा जमवतो. जणू सप्तक बघूनच लिहिली आहे. (ब्रूसच्या काळच्या कागदपत्रांत हा कोळी नाही. राजाने 1314 मध्ये लढाई जिंकली, कोळी गोष्टीत नंतर आला.)

एकच अडचण. "पडला" म्हणताना मुलं धप्पकन ओरडतात आणि घसा बसतो.

आठपायी
कारण कोळी धप्पकन पडत नाही! चालताना तो मागे एक सुरक्षेचा धागा सोडत, अधूनमधून चिकटवत जातो. हात सुटला तरी त्या धाग्याला लटकतो.

दोन_तारांवर
अरेच्चा. मग ओरडायचंच नाही. मींड! धागा तुटू न देता वरच्या स्वरावरून सरकत षड्जावर यायचं. धागा तुटला, म्हणजे मध्ये श्वास तुटला, तर कोळी मेला. आमच्या पियानोवर ही गोष्ट करता येत नाही, आयुष्यात पहिल्यांदा पेटी-पियानोवाल्यांची कीव आली.

शुद्ध_गंधार
मींड मी आठ वर्षांखालच्यांना कधी शिकवलीच नव्हती, फार लवकर होईल म्हणून.

मालवणी_मसालो
जेवान आयलंय. अवांतर: दिवाळीच्या साफसफाईत जळमटां काढूक लांब काठीचो झाडू खंय मिळता? ह्या सगळा वाचून हात उचलना नाय.

आठपायी
कोपऱ्यातली धुळकट जळमटं खुशाल काढा, बहुतेक रिकामीच असतात. बागेतलं गोल जाळं तेवढं राहू द्या.

खिडकीतली
अवांतर चालू आहे म्हणून: आमची आजी कोळ्याला कातीण म्हणायची. कातणारी ती कातीण. गंधारताईंच्या गाण्यात कुठे बसतंय का बघा.

दोन_पिल्लांची_आई
सगळे मजेत आहेत, पण त्या न येणाऱ्या मुलीबद्दल कुणी बोललं नाही. माझा मोठा असाच होता. एका शिबिरात "भीती घालवायला" म्हणून कुणीतरी रबरी कोळी त्याच्या हातावर ठेवला. त्यानंतर दोन वर्षं तो स्वच्छतागृहात एकटा जात नव्हता. ही मुलं नाटक करत नाहीत. कोळी "किती गोड" आहे हे त्यांना पटवू नका, ते त्यांना आपली थट्टा वाटते.

आमच्याकडे चाललं ते एवढंच: कोळी कुठे असणार हे तो ठरवणार. चित्रातला कोळी खोलीच्या त्या टोकाला. जवळ आणायचा की नाही, त्याची मर्जी. कधी कधी महिनाभर तिथेच राहायचा. गंधारताई, वर्गात खरा किंवा रबरी कोळी अजिबात आणू नका, आणि तिला आधी सांगा की आज गाण्यात कोळी आहे. अचानक नको.

शुद्ध_गंधार
ताई, मनापासून आभार. हाच प्रतिसाद मला हवा होता, आणि मीच मूळ प्रश्न विसरून तंबोऱ्यात रमले. तिच्या आईला फोन करते.

पक्का_मुंबईकर
तीन आठवडे झाले. कोळीण कुठवर पोचली?

शुद्ध_गंधार
सांगते. पहिल्यांदा ती आली आणि दारातच उभी राहिली. मी तिला म्हटलं, आत यायची गरज नाही, पण कोळीण कुठे आहे हे आम्हाला कळत नाहीये, तू तिथून हाताने दाखवशील का? हात वर तर वरचा स्वर, खाली तर खालचा. तिने पहिल्यांदा हात इतका सावकाश वर नेला की सगळ्यांचा श्वास संपला. मग पटकन खाली. मग पुन्हा वर. दहा जण तिच्या हाताच्या मागे धावताहेत आणि ती दारात उभी राहून हसतेय. मींड कशाला म्हणतात हे एकालाही सांगावं लागलं नाही, तिच्या हाताने ती काढून घेतली.

गेल्या शनिवारी ती आत येऊन बसली, दाराजवळच. तिची एक अट आहे: कोळीण गंधाराच्या खाली उतरायची नाही, कारण खाली ती स्वतः बसते. त्यामुळे आमचा अवरोह सध्या गंधारावर थांबतो. साधककाका, षड्जाविना चाललंय, माफ करा.

साधक_६२
गंधारावर न्यास करणारे, म्हणजे तिथे विसावणारे, राग आहेत. चालू द्या.

शुद्ध_गंधार
आणि ते निरोपवाले पालक! दत्तगुरूंचं त्यांना कळवलं, त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मग पालकांसमोर छोटा कार्यक्रम ठेवला, निरोपात लिहिलं "मुलं कोळ्याचं गाणं म्हणतील." तर हेच गृहस्थ मुलाला लुंगी, गळ्यात रुमाल, डोक्यावर लाल टोपी आणि हातात खरंखुरं मासे पकडायचं जाळं देऊन घेऊन आले. जाळं कुठून पैदा केलं देव जाणे. मुलगा त्याच वेषात मधोमध बसून "जेवू का?" म्हणाला.

पक्का_मुंबईकर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगत होतो. ताशा घेऊन येऊ का?